दुसरा फेबर कोण? आणि इतर प्रश्न

मागच्या अंकात कवी टी. एस. एलियटच्या नोकरीबद्दल चार ओळी काय लिहिल्या, ह्या महिन्यात निम्मे प्रश्न त्याच्या प्रकाशकाबद्दल, म्हणजे फेबर अँड फेबरबद्दल आले. म्हणून ह्यावेळी तोच विषय, बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात.

प्रश्न : लंडनच्या फेबर अँड फेबर मधले दोन फेबर भाऊ-भाऊ होते की बाप-लेक? आमच्या वाचन ग्रुपमध्ये पैज लागलीये, लवकर सांगा. (एक वाचक, नाशिक)

पैज दोन्ही पार्ट्या हरल्या! दुसरा फेबर नव्हताच. फेबर एकच, जेफ्री फेबर. मीही कॉलेजात असताना भाऊच असतील असं धरून चाललो होतो आणि एकदा भर वर्गात तसं ठोकून पण दिलं होतं, सरांनाही माहीत नसावं, निभावलं.

आता खरी भानगड ऐका. ह्या साहित्यिक प्रकाशनाचं मूळ आहे नर्सिंगच्या पुस्तकांत. सर हेन्री बर्डेट नावाचे एक गृहस्थ, हॉस्पिटलं कशी चालवावीत हा त्यांचा ध्यास, त्यांनी सायंटिफिक प्रेस नावाची कंपनी काढली होती, ती वैद्यकीय आणि नर्सिंगची पुस्तकं छापायची आणि नर्सिंग मिरर नावाचं साप्ताहिक चालवायची. ते १९२० साली वारले आणि कंपनी आली लेकीकडे, म्हणजे अल्सिना ग्वायरकडे. तिचे यजमान सर मॉरिस ग्वायर, पेशाने वकील, सरकारी कायदेखात्यातले मोठे अधिकारी. हे ग्वायर ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजचे फेलो, आणि जेफ्री फेबर पण तिथलेच फेलो. फेबरनी महायुद्धाआधी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये काम केलं होतं, युद्धानंतर काही वर्षं बिअरच्या कंपनीत काढली होती, आणि मनात मात्र होतं पुस्तकं छापायचं. तर कॉलेजच्या ओळखीतून जमलं, आणि १९२५ मध्ये पाटी लागली फेबर अँड ग्वायर. पत्ता २४, रसेल स्क्वेअर, ब्लूम्सबरी.

म्हणजे खरा दुसरा भागीदार ग्वायर, आणि माझ्या मते त्यातही नवऱ्यापेक्षा बायको, कारण कंपनी माहेरची होती. पण पार्टनर म्हणून नाव निघतं ते सर मॉरिसचंच, अल्सिनाबाईंबद्दल कुणी विचारत पण नाही.

पुढे जे व्हायचं तेच झालं. फेबरना कविता-कादंबऱ्या छापायच्या होत्या, पैसा येत होता नर्सिंगमधून. एकाचा जीव साहित्यात, दुसऱ्याचा भांडवलात, कुरबुरी सुरू झाल्या. १९२९ साली नर्सिंग मिरर विकलं, ग्वायर मंडळी बाहेर पडली आणि फेबर एकटे उरले. आता पाटी बदलायची तर नुसतं फेबर फार बोडकं दिसतं, म्हणून फेबर अँड फेबर! ही आयडिया कवी वॉल्टर डी ला मेअर ह्यांची असं सांगतात, त्यांचा मुलगा रिचर्ड कंपनीत डायरेक्टर होता. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर अँड सन्स लिहिलेलं असतं आणि सन अजून बालवाडीत असतो ना, तसलाच प्रकार, फक्त इथे दुसरा माणूस जन्मालाच आला नव्हता.

प्रश्न : पेन्सिलीवाले फेबर-कॅस्टेल म्हणजे ह्यांचेच नातेवाईक का? मुलीने विचारलं, उत्तर देता आलं नाही. (एक वाचक, ठाणे)

नाही. ते जर्मन, न्यूरेंबर्गजवळच्या श्टाइन गावचे, १७६१ पासून पेन्सिली करतायत. आडनाव सारखं, धंदा वेगळा, देशही वेगळा. मुलीला शाबासकी सांगा, प्रश्न चांगला होता.

प्रश्न : बाहेर पडलेल्या ग्वायरचं पुढे काय झालं? (एक वाचक, कोल्हापूर)

ह्याच प्रश्नाची वाट बघत होतो! ते भारतात आले, आणि साधेसुधे नाही, भारताचे सरन्यायाधीश म्हणून.

झालं असं की ग्वायर आधीपासून सरकारी कायदेतज्ज्ञ होतेच, १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया अॅक्टचा मसुदा करण्यात त्यांचा मोठा हात होता. त्याच कायद्याने दिल्लीत फेडरल कोर्ट, म्हणजे आजच्या सुप्रीम कोर्टाचं आधीचं रूप, आलं, १ ऑक्टोबर १९३७ ला, आणि त्याचे पहिले चीफ जस्टिस हेच. ज्याने कायदा लिहिला त्यालाच आता त्याचा अर्थ लावायला बसवलं. सोबत दोन न्यायाधीश, अलाहाबादचे सर शाह मुहम्मद सुलेमान आणि आपल्या मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. हो, तेच जयकर, ज्यांचं नाव पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आहे. गंमत बघा, ग्वायर १९३८ ते १९५० दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू, सुलेमान अलीगढचे कुलगुरू आणि जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, म्हणजे त्या पहिल्या बेंचवरचे तिघेही कुलगुरू! दिल्लीतलं मिरांडा हाऊस हे मुलींचं कॉलेज १९४८ मध्ये निघालं ते पण ग्वायरच्याच काळात, आणि दिल्ली विद्यापीठातलं ग्वायर हॉल हे हॉस्टेल त्यांच्याच नावाचं.

आता कुणी म्हणेल साहेब तो साहेबच. पण त्यांचे दोन निकाल वाचण्यासारखे आहेत. १९४२ मध्ये नीहारेंदु दत्त मजुमदार खटल्यात त्यांनी म्हटलं की सरकारला नुसती नावं ठेवली म्हणून राजद्रोह होत नाही, त्या बोलण्याने दंगाधोपा व्हायला हवा नाहीतर तो होईल अशी वाजवी शक्यता तरी हवी. आणि १९४३ मध्ये, निवृत्तीच्या तोंडावर, मुंबईहून आलेल्या केशव तळपदे प्रकरणात त्यांच्या कोर्टाने डिफेन्स ऑफ इंडिया रूल्स ह्या युद्धकाळच्या नियमांमधला नियम २६, म्हणजे विनाखटला डांबून ठेवायचा नियम, सरळ बेकायदा ठरवला. ऐन महायुद्धात, चले जावच्या धामधुमीत! सरकारची तारांबळ उडाली आणि वटहुकूम काढून तो नियम परत जागेवर आणावा लागला. राजद्रोहाचा तो अर्थ १९४७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, सदाशिव नारायण भालेराव खटल्यात चुकीचा ठरवला, पण १९६२ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने केदारनाथ सिंह खटल्यात पुन्हा ग्वायरचाच धागा उचलला. पुस्तकाच्या पाटीवरून नाव पुसलं गेलं, पण आपल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते पाठ करावं लागतं.

प्रश्न : मग एलियट पण पार्टनर होता का? (एक वाचक, पणजी)

पार्टनर नाही, पगारी डायरेक्टर. लॉइड्स बँकेतली नोकरी सोडून १९२५ मध्ये आला तो १९६५ ला वारला तोपर्यंत तिथेच. पण कंपनीला त्याने दिलं ते बऱ्याच पार्टनरांपेक्षा जास्त. १९३९ साली त्याने मांजरांवर गमतीच्या कविता लिहिल्या, त्यावरून १९८१ मध्ये लंडनला कॅट्स हे म्युझिकल आलं आणि त्याच्या रॉयल्टीवर फेबरने पुढे कित्येक वर्षं दम धरला. आणि हो, डुकरं राज्य बळकावतात ती ऑर्वेलची कादंबरी अॅनिमल फार्म १९४४ मध्ये ह्याच एलियटने परत पाठवली होती. मांजरं पावली, डुकरं हुकली.

प्रश्न : बाकीच्या ब्रिटिश प्रकाशनांच्या नावातले पार्टनर तरी खरे असतात का? (परत तेच नाशिककर)

परत पैज लावली का काय? असतात, पण भलत्याच तऱ्हेने. चॅटो अँड विंडस घ्या. जॉन कॅमडन हॉटन हा मालक १८७३ ला वारला, त्याच्याकडे कामाला असलेल्या अँड्रू चॅटोने त्याच्या बायकोकडून धंदा २५,००० पौंडांना घेतला, आणि विंडस हा त्यात स्लीपिंग पार्टनर, म्हणजे पैसा घालणारा पण कामात न पडणारा. तो हौशी कवी होता. धंद्यात झोपलेला पण नावात अमर!

आणि ज्यांनी ते अॅनिमल फार्म १९४५ मध्ये छापलं ते सेकर अँड वॉरबर्ग. मार्टिन सेकरचा धंदा बुडीत गेल्यावर १९३६ च्या सुमारास फ्रेड्रिक वॉरबर्ग आणि रॉजर सेनहाउस ह्या दोघांनी तो घेतला. सेकर थोडी वर्षं राहून निघून गेला पण नाव आधीपासून चाललेलं होतं म्हणून ठेवलं, वॉरबर्गने आपलं जोडलं, आणि सेनहाउस खराखुरा भागीदार असून पाटीवर कुठेच नाही. तेव्हा पुढची पैज सेनहाउसवर लावा, हमखास जिंकाल.