खिसा, खलिता, बटवा, चंची

प्रश्न असा आहे: खिसा कपड्याला शिवलेला, थैली आणि बटवा मात्र सुटे, मग खिसा मुळात पिशवीच होता हे खरं का? आणि बटवा व चंची एकच का?

पहिल्याचं उत्तर, होय. खिसा म्हणजे फारसी ‘कीसा’, पैशांची पिशवी. त्यामागे अरबी ‘कीस’. अरबीत आजही साध्या पिशवीला कीसच म्हणतात. मराठीत ‘क’चा ‘ख’ झाला. पिशवी कपड्याला शिवली गेली तरी नाव जुनंच राहिलं. इंग्रजीतही असंच घडलं. ‘पोक’ म्हणजे पिशवी, तिचं लघुरूप ‘पॉकेट’. कनवटीचं मात्र वेगळं: नेसत्या वस्त्राचाच कमरेशी खोचलेला भाग, त्यात नाणं गुंडाळून ठेवायचं. शिवण नाही, पिशवी नाही, काम मात्र खिशाचंच.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘खलिता’. अरबी ‘खरीता’ म्हणजे पिशवी. संस्थानिकांची आपसातली पत्रं किनखापाच्या पिशवीत घालून जात. तोंड दोरीनं आवळलेलं, त्यावर लाखेची मोहोर. पुढे आतल्या पत्रालाच खलिता म्हणू लागले. आज तो शब्द वाचला की कागद डोळ्यांपुढे येतो, कापड कुणालाच आठवत नाही. थैलीही याच वाटेनं गेली. ‘सत्कारात थैली अर्पण केली’ यात रक्कम महत्त्वाची, आणि ‘थैलीशहा’च्या हातात प्रत्यक्ष थैली असावी लागत नाही. ‘बजेट’सुद्धा मूळचं जुन्या फ्रेंचमधल्या चामड्याच्या लहान पिशवीचं नाव.

पोतदार आणि पोतनीस या आडनावांत फारसी ‘फोता’ आहे, म्हणजे पैशांची थैली, खजिना. ती सांभाळणारा फोतादार, म्हणजे आपला पोतदार. तिचा हिशेब लिहिणारा पोतनीस. या आडनावांचा अर्थ धान्याच्या पोत्याशी जोडणारे भेटतात, तेव्हा मी हे आवर्जून सांगतो.

आता बटवा आणि चंची. दोन्हींत पानसुपारी असते, म्हणून गल्लत होते. घडण मात्र वेगळी. बटव्याच्या तोंडाशी दोन बाजूंनी नाड्या ओवलेल्या असतात, त्या ओढल्या की तोंडाला चुण्या पडून ते मिटतं. आत कप्पे असले तरी बाहेरून तो गोलसरच दिसतो. चंची उलगडावी लागते. लांब पट्टीवर ओळीनं कप्पे: एकात पानं, एकात सुपारी, एकात कात, एकात चुन्याची डबी. काम झालं की गुंडाळी करून वरून दोरी बांधायची. कानडी आणि तेलुगूत पिशवीला ‘संचि’ म्हणतात, चंची त्याच्या शेजारी ठेवून पाहावी. आजीबाईचा बटवा औषधांचा. त्याला कुणी चंची म्हणत नाही. आणि पगाराच्या ‘बटवड्या’चा बटव्याशी संबंध नाही, तो ‘वाटणे’च्या कुळातला.

लहान पिशवीला वेगळं नाव देण्याची हौस आपल्याकडे फार जुनी आहे. पाणिनीनं ‘कासूगोणीभ्यां ष्टरच्’ (५.३.९०) हे सूत्र दोनच शब्दांसाठी रचलं, आणि त्यातला एक आहे गोणी. लहान गोणी ती ‘गोणीतरी’.