श्रीखंडावर ठेवायला साखर लावलेली द्राक्षं करतो, पण साखर ओघळते. काय चुकतं?

बहुतेक वेळा द्राक्ष ओलं राहिलेलं असतं. पाव किलो घट्ट द्राक्षं घ्या. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजची सोनाका ही जात मिळाली तर उत्तम. कात्रीने एकेक कापा, देठाचा तुकडा राहू द्या. देठ ओढून काढलात की तिथून रस झिरपतो आणि नेमकी तिथलीच साखर विरघळते.

लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून द्राक्षं दहा मिनिटं ठेवा, धुवा आणि सुती फडक्याने चोळून कोरडी करा. सालीवरचा पांढुरका थर मेणासारखा असतो, तो राहिला तर पाक धरत नाही.

अर्धी वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. फक्त साखर विरघळेपर्यंत गरम करा, तार नको. पाक पूर्ण गार करूनच द्राक्षं बुडवा, गरम पाकात साल तडकते. मग ती जाळीवर सुटी सुटी पसरा. सोलापूरच्या कोरड्या हवेत तासाभरात बोटाला चिकटतील इतपत सुकतात, हाच साखर लावायचा क्षण. साखर मिक्सरमध्ये एकदाच फिरवा, कण बारीक रव्याएवढा हवा. पिठीसाखर लगेच ओलसर होते. घोळवून आणखी तासभर सुकू द्या.

फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका. बाहेर काढताच दव धरतं आणि साखर पाझरते. पाडव्याला सकाळी करा, श्रीखंडावर मात्र अगदी पान वाढताना ठेवा.