व्ह्यूमधलं वजन दुरुस्त का होत नाही?

प्रश्न : वाळपईजवळ आमचं काजू बी खरेदी केंद्र आहे. हिशेब मायएसक्यूएल या डेटाबेसवर ठेवतो. शेतकऱ्यांचं एक टेबल, पावत्यांचं दुसरं. गाववार एकूण किलो दाखवणारा व्ह्यू मी केला. केरीच्या एका पावतीत ८४ ऐवजी ४८ किलो पडले, म्हणून व्ह्यूमध्ये केरीची बेरीज ३६ ने वाढवायला गेले, तर ‘अपडेट करता येत नाही’ असा एरर आला. व्ह्यू नव्याने करू का? शिवाय वजन करणाऱ्या मुलाला शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक दिसू नयेत, त्याला काय करावं?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : ताई, व्ह्यू दहादा नव्याने केलात तरी तोच एरर येईल, आणि येतोय ते बरंच आहे. व्ह्यूच्या पोटात एक किलोसुद्धा नसतो. तिथे तुमची सिलेक्ट क्वेरी, म्हणजे माहिती काढून दाखवण्याची आज्ञा, फक्त नाव देऊन ठेवलेली असते. व्ह्यू उघडाल तेव्हा सर्व्हर ती मूळ टेबलांवर चालवतो. केरीत ३६ वाढवा म्हटलंत, तर ते कुठल्या शेतकऱ्याच्या पावतीत घालायचे? सर्व्हरने मनाने कुणाच्या तरी नावावर चढवले असते, तर पैसे देण्याच्या दिवशी केंद्रावर काय झालं असतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. टेबलांत माहिती ठेवण्याची रिलेशनल पद्धत मांडणारे संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांच्या १९८५च्या नियमांतला सहावा सांगतो की तत्त्वतः बदलता येण्याजोगे व्ह्यू सिस्टिमलाही बदलता यावेत. बेरीज तत्त्वतःही त्यात बसत नाही. क्वेरीत ग्रुप बाय (गट करणं), डिस्टिंक्ट (सारख्या ओळी एकदाच घेणं), युनियन (दोन याद्या जोडणं) आलं की व्ह्यू फक्त वाचायचा. पावत्यांच्या टेबलात पावती क्रमांकाने ती ओळ शोधा, ८४ करा, झालं.

एकाच टेबलावरचा साधा व्ह्यू मात्र बदलता येतो. समजा, चालू हंगामाच्या पावत्यांचा व्ह्यू केलात आणि कुणी त्यातून गेल्या हंगामाची पावती घातली. ती टेबलात जाते, पण व्ह्यूत दिसत नाही. मग तो माणूस तीच पुन्हा घालतो. व्ह्यूच्या व्याख्येच्या शेवटी ‘विथ चेक ऑप्शन’ लिहा, म्हणजे अशी पावती दारातच अडते.

खाते क्रमांकांसाठी व्ह्यू हाच उत्तम उपाय. नाव, गाव, सभासद क्रमांक एवढेच कॉलम घेऊन व्ह्यू करा आणि मुलाच्या लॉगिनला फक्त त्या व्ह्यूचा सिलेक्ट (वाचण्याचा) अधिकार द्या, मूळ टेबलाचा नको. मायएसक्यूएलमध्ये व्ह्यू एरवी तो करणाऱ्याच्या अधिकारावर चालतो, त्यामुळे मुलाचं काम अडत नाही. पण जुना ऑपरेटर सोडून गेला म्हणून त्याचं लॉगिन पुसलंत, तर त्याने केलेले व्ह्यू भर हंगामात बंद पडतील. आधी ते दुसऱ्याच्या नावावर करून घ्या. आणि कॉलमांची नावं लिहायचा कंटाळा करून तिथे स्टार (*, म्हणजे सगळे कॉलम) टाकू नका, नाहीतर खाते क्रमांकही आत येतील.