रीमास्टर ऐकताना कान का किटतात?

प्रश्न : एका जुन्या अल्बमची रीमास्टर (मूळ ध्वनिमुद्रणावर नव्याने संस्कार करून काढलेली) आवृत्ती आधी दमदार वाटते, पण तीन-चार गाण्यांत कान किटतात. दोष स्पीकरचा का?

उत्तर : बहुधा नाही. अशा आवृत्त्यांत लिमिटर लावून मोठे आवाज दाबतात आणि मग सगळीच पातळी वर उचलतात. ड्रमच्या ठोक्याची धार जाते, हळुवार जागाही मोठ्याने वाजतात, कानाला उसंत मिळत नाही.

तुलनेआधी जुनी आणि नवी, दोन्ही आवृत्त्यांचा आवाज सारखा करा. प्लेअरमधलं रीप्लेगेन (गाण्यांची पातळी आपोआप जुळवणारी सोय) त्यासाठी पुरतं. १-२ डेसिबल जास्त वाजणारं सरस वाटतं, फसगत तिथेच होते. मग दोन्ही फाइली ऑडॅसिटीत (आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडून बघा. जुनीत टोकं उंचसखल दिसतील, नवीत माथे छाटलेली सपाट वीट. छाटलेलं इक्वलायझरने (जाड-बारीक सूर कमीजास्त करणाऱ्या सोयीने) परत येत नाही, तेव्हा जुनी सीडी विकू नका. (गाडीत, इंजिनाच्या घरघरीत, मात्र नवीच बरी.)