वाचकांचे प्रश्न : पुनर्वापराचे प्लास्टिक आणि स्टार्च यांचा मेळ

प्रश्न : आमचा बचत गट शेतातून निघालेला जुना मल्चिंग पेपर आणि ठिबकच्या नळ्या धुऊन त्यांचे दाणे तयार करतो. त्यांत मक्याचा स्टार्च मिसळून संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी पिशव्या काढण्याचा आमचा प्रयत्न आहे. परंतु स्टार्च १५ टक्क्यांच्या वर गेला की माती भरतानाच पिशवी फाटते, तिच्यावर पांढरे ठिपके व बुडबुडे दिसतात आणि जळका वास येतो. काय करावे?
— एक वाचक, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : तुमच्या पिशवीत दोन निरनिराळे दोष आहेत. बुडबुडे व जळका वास यांचे मूळ ओलावा आणि उष्णतेत आहे, तर ठिपके व फाटणे यांचे मुख्य कारण मेळ नसणे हे आहे.

तुमच्या मल्चिंग पेपरचे व नळ्यांचे प्लास्टिक, म्हणजे पॉलिएथिलीन, पाण्याला जवळ करत नाही आणि स्टार्चच्या साखळीवर मात्र जागोजाग पाणी ओढणारे हायड्रॉक्सिल गट असतात. त्यामुळे वितळलेल्या प्लास्टिकमध्ये स्टार्चचे कण नुसते अडकून राहतात, चिकटत नाहीत. पिशवीवर ताण आला की कणाभोवती पोकळी होते आणि चीर तेथून पुढे सरकते. फाटलेली कड चांगल्या भिंगाखाली पाहिल्यास कण निसटून गेलेले स्वच्छ, गुळगुळीत खड्डे दिसतील. मेळ बसला असेल, तर कण प्लास्टिकने माखलेले दिसतात.

म्हणून या दोघांमध्ये तिसरा दुवा हवा. मॅलेइक ॲनहायड्राइड हे रसायन जोडलेले पॉलिएथिलीन तयार दाण्यांच्या रूपात मिळते. त्याचा ॲनहायड्राइड गट स्टार्चच्या हायड्रॉक्सिलशी रासायनिक बंध करतो आणि त्याची लांब साखळी सभोवतालच्या पॉलिएथिलीनमध्ये गुंतते. एकूण १०० किलो मिश्रणात १५ किलो स्टार्च असेल, तर या दाण्यांच्या २ ते ३ किलोपासून सुरुवात करा आणि प्रत्येक घाणीच्या पट्ट्या ओढून ताकद पाहत प्रमाण ठरवा. हाच पदार्थ मॅलेइक ॲनहायड्राइड व ही जोडणी सुरू करणारे पेरॉक्साइड वापरून स्वतः बनवण्याचा मोह टाळा. मॅलेइक ॲनहायड्राइडची वाफ डोळ्यांना आणि श्वासनलिकेला फार त्रास देते आणि पेरॉक्साइड थोडे जास्त झाले तरी पॉलिएथिलीनच्या साखळ्या एकमेकींत जुळून फिल्ममध्ये गाठी येतात.

ओलाव्याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण विदर्भाच्या पावसाळ्यात उघड्या पोत्यातला स्टार्च झपाट्याने दमट होतो. साध्या साठवणीतल्या मक्याच्या स्टार्चमध्ये १० ते १३ टक्के पाणी असते. हे पाणी एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळवून स्क्रूने पुढे ढकलणाऱ्या यंत्रात, वाफ होऊन बुडबुडे करतेच, शिवाय ॲनहायड्राइडलाही निकामी करू लागते. मिसळण्याआधी स्टार्च ८० ते १०० अंशांवर ओलावा १ टक्क्याच्या खाली येईपर्यंत वाळवा आणि लगेच वापरा. यंत्राच्या बॅरलचे (स्क्रूभोवतीच्या तापत्या नळीचे) तापमान १५० ते १७० अंश सेल्सिअसच्या आत ठेवा, कारण २०० च्या आसपास स्टार्च करपू लागतो.

स्टार्च कणांच्या रूपात न ठेवता ग्लिसरीन घालून वितळण्याजोगा करण्याची पद्धतही आहे. मात्र ग्लिसरीनलाही हायड्रॉक्सिल गट असतात, तेही ॲनहायड्राइड वापरून टाकतात, आणि पिशवी दमट हवेत चिकट होऊ शकते. एका स्क्रूच्या छोट्या यंत्रावर मी हा मार्ग सुचवणार नाही.

जुन्या प्लास्टिकच्या निवडीत कसूर राहून दुसरे प्लास्टिक मिसळले, तर वरील सारे व्यर्थ जाईल. पीव्हीसीचे तुकडे पाण्यात बुडतात म्हणून वेगळे काढता येतात. पण खताच्या पोत्यांचे पॉलिप्रॉपिलीन पॉलिएथिलीनप्रमाणेच तरंगते, ते हातानेच निवडावे लागते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. ही पिशवी ‘मातीत विरघळणारी’ म्हणून विकू नका. मातीतले जिवाणू फक्त स्टार्च खातात. उरलेल्या पॉलिएथिलीनचे तुकडे संत्र्याच्या बागेतच राहतात. रोप लावताना पिशवी काढून परत गोळा करण्याची सोय ठेवा.

प्रश्न : गोंदिया-भंडाऱ्याकडील भाताच्या गिरण्यांतील कणीचे पीठ स्टार्चऐवजी चालेल काय?
— एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर : तांदळाच्या स्टार्चचा कण ३ ते ८ मायक्रॉनचा, म्हणजे मक्याच्या कणापेक्षा लहान असतो आणि पातळ फिल्मला तो सोयीचा ठरतो. परंतु पिठात सुमारे ७ टक्के प्रथिनेही असतात आणि ती उष्णतेने तपकिरी होतात. काळ्या पिशवीत हा रंग खपून जाईल. पीठ अतिशय बारीक चाळून, तितकेच काळजीपूर्वक वाळवून, आधी ५ टक्क्यांनी करून पाहा.