डिस्कवर जागा राहू दे

नौपाडा, ठाणे
रविवार सकाळ

प्रिय मुली,

परवा घणसोलीला उतरताना तू विचारलंस, "मॅडम, सर्च क्लस्टर सांभाळायचा म्हणजे नक्की काय करायचं?" गर्दीत मी दोन वाक्यं बोलले, पण माझं मलाच समाधान झालं नाही. सोमवारपासून ऑन-कॉलचा, म्हणजे रात्री-अपरात्री बिघाड झाला की वाजणारा, फोन तुझ्याकडे येतोय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझ्या हातून काय झालं ते सांगते. मी तेव्हा महापेच्या एका कंपनीत होते. ऑर्डर शोधायचा इंडेक्स (शोधासाठी लावून ठेवलेल्या नोंदींचा साठा) आणि सगळ्या सर्व्हरचे लॉग (कामकाजाच्या नोंदी) एकाच इलास्टिकसर्च क्लस्टरवर, म्हणजे शोधाचं काम मिळून करणाऱ्या मशीनच्या गटावर होते, लॉग तर एकाच अवाढव्य इंडेक्समध्ये. दिवाळीत ऑर्डरी वाढल्या आणि लॉग त्याहून कितीतरी जास्त वाढले. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री अलर्ट आला, एका नोडची, म्हणजे गटातल्या एका मशीनची, डिस्क ९१ टक्के भरली. जुने लॉग काढले की जागा होईल, असा सरळ विचार करून मी तीन महिन्यांपूर्वीच्या नोंदी पुसायची क्वेरी चालवली. अर्ध्या तासाने पाहते तर डिस्क ९३.

ल्युसीनमध्ये (इलास्टिकसर्चच्या आतलं शोधयंत्र) एकदा लिहिलेला सेगमेंट, म्हणजे इंडेक्सच्या फायलींचा तुकडा, बदलत नाही. नोंद पुसली की तिच्यावर फक्त पुसल्याची खूण होते. जागा सुटते ती नंतर, सेगमेंट एकत्र होतात तेव्हा. आणि त्यासाठी आधी नवा सेगमेंट लिहावा लागतो, जुने मागाहून जातात. ऐन टंचाईत मी डिस्ककडे आणखी जागा मागत होते. ९० च्या वर गेलेल्या नोडवरून क्लस्टर शार्ड (इंडेक्सचे भाग) हलवू पाहतो, पण बाकीचे नोडही ८५ च्या पुढे होते आणि ८५ नंतर दुसऱ्या नोडवरून येणारा शार्ड कुणी घेत नाही. ९५ ला त्या नोडवर शार्ड असलेल्या सगळ्या इंडेक्सवर लेखनबंदी आली, ऑर्डरींसकट.

तेव्हाच्या आवृत्तीत ती बंदी हाताने उठवावी लागे, ७.४ पासून जागा झाली की आपोआप उठते. मी बंदी उठवली, लगेच लॉगच्या रेप्लिका, म्हणजे दुसऱ्या नोडवरच्या जादा प्रती, शून्यावर आणल्या आणि मग डिस्क उतरली. तोवर पहाट झाली होती. खाली पोरंपोरी नटूनथटून राममारुती रोडकडे निघाली होती आणि आईने भिजवून ठेवलेलं उटणं वाटीत वाळून गेलं होतं. आई काही बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

म्हणून लॉगचे इंडेक्स दिवसाच्या किंवा आकाराच्या हिशेबाने तोडायचे, म्हणजे जुना इंडेक्स अख्खा काढून टाकता येतो आणि जागा लगेच सुटते. पण बारीक तुकडेही नकोत. रोज ५ प्रायमरी (मूळ शार्ड) आणि त्यांच्या ५ रेप्लिका धरल्या तर वर्षाला ३,६५० शार्ड होतात, आणि रोजचा डेटा २०० एमबीसुद्धा नसतो! प्रत्येक शार्डचा भार हीपवर (इलास्टिकसर्चला राखून दिलेली मेमरी) आणि मास्टरवर (क्लस्टरचा कारभार बघणारा नोड) पडतोच. एका नोडमागे १,००० शार्डची मर्यादा आहे. ती वाढवून द्या म्हणून कुणी मागे लागलं तर देऊ नकोस, शार्ड कमी करायला लाव.

जागेचा हिशेब मात्र पक्का पाठ कर. तीन नोड आहेत आणि प्रत्येकाची डिस्क ६० टक्के भरली आहे. ऐकायला छान वाटतं. एक नोड गेला की त्याच्याकडच्या प्रती उरलेल्या दोघांवर पुन्हा बांधायच्या, म्हणजे दोघांवर ९०-९०. पण ८५ लाच काम थांबणार, काही रेप्लिका बांधल्याच जाणार नाहीत. म्हणजे तीन नोडच्या क्लस्टरमध्ये ५५ टक्के भरले की डिस्क मागायला जायचं. बजेटच्या बैठकीत कुणीतरी विचारेल, एवढी जागा रिकामी का? तेव्हा हीच बेरीज फळ्यावर मांड. ती मांडायची हिंमत मला फार उशिरा आली.

दुसरी सवय हात आवरण्याची. नोड गेला की क्लस्टर पिवळा होतो (काही प्रती कमी पडल्याची खूण), एक मिनिट वाट बघतो आणि मग प्रती बांधायला घेतो. त्या वेळी सगळंच मंद चालतं. 'हाही नोड अडकलाय' असं वाटून दुसरा रीस्टार्ट केलास आणि एखाद्या शार्डची उरलेली एकुलती प्रत त्याच्यावरच असली, तर पिवळ्याचा लाल होतो, म्हणजे तो डेटा मिळतच नाही. आधी कुठला शार्ड कुठे आहे ते बघ, सगळ्या प्रती जागेवर येऊन हिरवा होईपर्यंत थांब, मगच पुढच्या नोडला हात लाव.

हीप मशीनच्या निम्म्या रॅमच्या वर नेऊ नकोस, आणि ३२ जीबीच्या आतच ठेव.

रात्री उठावं लागलं तर वेळ लिहून ठेव आणि दुसऱ्या दिवशी उशिरा ये. मॅनेजरशी मी बोलले आहे.

गुरुवारी दुपारी माझ्या जागेवर ये. स्नॅपशॉट (डेटाचे बॅकअप) रोज घेतले जातात, पण गेल्या कित्येक महिन्यांत एकही परत उतरवून पाहिलेला नाही. टेस्ट क्लस्टरवर ऑर्डरींचा स्नॅपशॉट आपण दोघी उतरवू, किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजू. वही आण.

तुझी,
मॅडम