कम्युनिटी रेडिओवर पहिला महिना

अभिनंदन! कम्युनिटी रेडिओ म्हणजे आसपासच्या गावांसाठी चालवलेलं छोटं रेडिओ केंद्र. साताऱ्यातल्या म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारख्या संस्थेच्या केंद्रावर शिकायला मिळणं म्हणजे वर्गातली दोन वर्षं एका उन्हाळ्यात. एक आधीच सांगतो. 2006च्या धोरणामुळे स्वयंसेवी संस्थांना परवाने मिळाले, पण स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई आहे. फक्त आकाशवाणीच्या बातम्या लावता येतात. हिरमुसू नकोस. शेळ्या, पाणी, बाजारभाव, ओव्या यांतच खरं काम आहे.

सध्या एवढंच सांभाळ:

- हेडफोन लावल्याशिवाय आणि रेकॉर्डरवरचा वेळ पुढे सरकतोय हे बघितल्याशिवाय रेकॉर्डिंग नाही. मी एका आजींच्या ओव्या चाळीस मिनिटं 'रेकॉर्ड' केल्या. बटण एकदाच दाबलेलं, म्हणजे रेकॉर्डर नुसता तयारीत; सुरू व्हायला ते दुसऱ्यांदा दाबायचं होतं. लाल दिवा नुसता लुकलुकत होता. आजी म्हणाल्या, "आता उद्या ये, म्हशी यायची वेळ झाली."
- माइक तोंडापासून वीतभर, जरा तिरका. पंखा बंद.
- गेल्या गेल्या माइक पुढे करू नकोस. आधी चहा.
- "त्रास होतो का?" विचारलंस तर "हो" एवढंच मिळेल. "काल पाणी कुठून आणलं?" असं विचार.
- निघताना अर्धा मिनिट नुसता तिथला आवाज घे. एडिटिंगला बसलास की कळेल का ते.

एडिटिंगचं सॉफ्टवेअर नंतर बघू. आधी तीन मुलाखती आण.